उदाहरणादाखल ठकी

पनवेल,
ता. १९ सप्टेंबर १९५४

ती. मिल्काताईस,
एझराचा शालोम आणि सा. न. वि. वि.

विनंती विशेष म्हणजे मी धडधाकट आहे, दोन्ही वेळा जेवतो आहे, आणि मागच्या पत्रानंतर नोकरी फक्त एकदाच सोडली. आईला सांग, मी जोकबेद मावशीकडेच आहे. मधले पंधरा दिवस उरणकडे मिठागरावर होतो, ते सांगू नकोस. परत येताना वाटेत एक म्हातारा होडीच्या फटींत कापूस ठोकून बसवत होता, ते बघण्यात माझा अर्धा दिवस गेला. तो कापूस तेलात भिजवून... पण ते राहू दे. मी दुसऱ्याच कामासाठी लिहायला बसलोय.

हल्ली सकाळी काशिराम सुताराकडे गाडीच्या चाकांचे आरे तासतो. दुपारी कचेरीबाहेर दिनानाथ अर्जनवीसांच्या पडवीत बसतो. दिनानाथांचे मराठी अर्ज वाचून दगडालाही पाझर फुटेल, पण इंग्रजीत त्यांना फक्त शेवटचं 'युवर ओबीडियंट सर्व्हंट' येतं, तेही ते रांगोळीसारखं काढतात. मी मॅट्रिकला दोनदा बसलोय हे कळल्यापासून त्यांनी मला इंग्रजी खात्याचा मुख्य करून टाकलंय. दोनदा का बसावं लागलं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तर परवा ठकी नावाची एक कातकरीण आली. साठीची असेल. विचुंब्याच्या पलीकडे माळावर त्यांची चौदा झोपड्यांची वाडी आहे, बिबव्याची वाडी म्हणतात. दिवाळी झाली की वाडीतले सगळे वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. गेल्या थंडीत मोजणीवाला आला, त्याला दारं बंद दिसली, त्याने कागदावर 'जागा उजाड' असं लिहिलं आणि गेला. आता कोणी भातगिरणीवाल्याने ती उजाड जागा मागितलीय. नवं इंग्रजी वर्ष लागलं की जागा त्याला द्यायची, असं ठरत आलंय. वाडीने दोन मराठी अर्ज केले. वरच्या कचेरीतले नवे साहेब दक्षिणेकडचे आहेत, त्यांना मराठी येत नाही, आणि अर्ज मधेच कुठेतरी थबकतात. म्हणून ठकीला इंग्रजी अर्ज हवाय. तिने पडवीत फतकल मारली आणि मला म्हणाली, तुजं इंग्रजी येवडंसं आसलं तरी चालंल, सायबाला कलंल येवडं कर. मग माझ्या अंगठ्यावरचा फोड बघून म्हणाली की लिवनाऱ्याच्या हाताला फोड नसतो, तू खरा लिवनारा हायस ना?

मी लिहिलं की ही माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. दिनानाथ म्हणाले, साहेब विचारील कशावरून, उदाहरणं दे. इथेच गाडी रुतली. उदाहरण सुरू कसं करायचं? 'फॉर एक्झाम्पल'च्या आधी काय, नंतर काय? पूर्णविराम, स्वल्पविराम, की ती एकावर एक दोन टिंबं? मला फक्त मास्तरांची लाल शाई आठवते, ती कशावर होती ते आठवत नाही. तू भायखळ्याला पन्नास पोरींना हेच शिकवतेस, एक्कावन्नावा मी. रागावून लिही, पण लवकर लिही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ नये, ही विनंती.

तुझा,
एझरा

*

भायखळा, मुंबई,
ता. २४ सप्टेंबर १९५४

चि. एझरास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मिठागराचे आईला सांगितले नाही. तिने पत्र हुंगून स्वतःच ओळखले. आपले नवे वर्ष, नव्याचा सण, चार दिवसांवर आले आहे. त्या दिवशी तरी मावशीच्या घरी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बस.

आता धडा. मी हसले नाही, हे आधी लिहून ठेवते. जो मुलगा शाळेच्या खिडकीतून बाहेर पाहत असे, तो विरामचिन्हांसाठी पत्र लिहितो, याचे मला जे वाटले ते इथे लिहीत नाही.

आधी संपूर्ण म्हणणे मांडावे, उदाहरण त्याच्या मागून आणावे. पाहुण्याआधी त्याची पिशवी घरात येत नाही. मागचे वाक्य पुरे झाले असेल तर पूर्णविराम दे आणि 'फॉर एक्झाम्पल'ने नवे वाक्य सुरू कर. त्यानंतर स्वल्पविराम हवाच. पूर्णविरामाने फार तुटल्यासारखे वाटले तर अर्धविराम दे, पण तो तुला नीट काढता येत नाही, तेव्हा नकोच. तेच शब्द वाक्याच्या मध्ये आले तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा. एकाच बाजूला दिलास तर वाक्य लंगडते. एकदम चार-सहा गोष्टींची यादी द्यायची असेल, आणि यादीआधीचे वाक्य स्वतःच्या पायावर उभे असेल, तरच ती दोन टिंबे. 'सच ॲज'नंतर टिंबे नाहीत, स्वल्पविरामही नाही, आणि यादीच्या शेवटी 'इत्यादी' मुळीच नाही. 'सच ॲज' म्हणतानाच आणखी आहेत हे सांगून झालेले असते. आणि 'ई. जी.' अशी अक्षरे साहेबाच्या अर्जात घालू नकोस. ती घाईत असलेल्या माणसाची खूण आहे. अर्जदाराने घाईत दिसू नये.

एवढे पाळ आणि मसुदा मला पाठव. परस्पर कचेरीत देऊ नकोस. कोणाचे तरी घर त्यावर अवलंबून आहे.

तू पुन्हा कुठे निघून गेलास तर निदान पत्ता कळवून जा.

तुझी शुभचिंतक,
मिल्का

*

पनवेल,
ता. ५ ऑक्टोबर १९५४

ती. ताईस,
एझराचे सा. न. वि. वि.

तुझा धडा मी दिनानाथांना वाचून दाखवला, त्यांनी त्याला उदबत्ती ओवाळायचीच बाकी ठेवली. काशिरामला दोन्ही बाजूंच्या स्वल्पविरामाचं सांगितलं, तर तो म्हणाला, त्यात काय, आसाला दोन्ही टोकांना खीळ लागतेच, एका बाजूची विसरलास तर चाक चालतं पण चिंचेपर्यंत. चिंच म्हणजे त्याच्या दुकानासमोरची. मला तुझ्यापेक्षा त्याचं चटकन कळलं, राग मानू नकोस.

सणाला अंघोळ केली, सदरा घातला. मावशीकडे पुराव्याला माणसं आहेत.

नंतर तीन दिवस बिबव्याच्या वाडीला जाऊन बसलो, उदाहरणं जमवायला. ताई, उदाहरणं मागावी आणि ही माणसं काय देतात! ठकीचा पुतण्या चांगो. त्याच्या झोपडीची मधली मेढ त्याच्या आज्याने पुरलेली आहे, हे एक उदाहरण. पण चांगो नुसती मेढ दाखवून थांबत नाही. ते लाकूड कुठून आणलं, आणताना आज्याला कोणी अडवलं, आज्याने त्याला कसं बनवलं, हे सगळं तो उभं राहून करून दाखवतो. साळू नावाची बाई आहे, तिची चार बाळंतपणं एकाच ओट्यावर झाली. ते सांगताना तिने नवऱ्याचा जो उद्धार केला तो मी कच्च्या कागदावर घेतलाय, पक्क्यात घेऊ का ते कळव. एक म्हातारा आहे, त्याला ऐकू येत नाही, पण कोणता पक्षी कुठल्या झाडावर किती वर्षं येतो ते माहीत आहे. पक्षी धरायचा फास तो घोड्याच्या शेपटीच्या केसांचा करतो. तो कसा करतात ते मी शिकलो, त्यात एक दिवस गेला.

ठकीने मला खेकड्याचं कालवण पुढे केलं. आमच्यात खेकडा चालत नाही म्हणून सांगितलं. तिने विचारलं, कुणी सांगितलं? म्हटलं, पोथीत लिहिलंय. ती म्हणाली, मंग तुमच्या पोथीवाल्याला आमच्या वढ्याचा खेकडा कुनी दिलाच नसंल. सगळी वाडी हसली. मग तिने माझ्यासाठी वेगळ्या मडक्यात नाचणीची पेज केली. मी त्यांच्यावर दया करायला गेलो होतो, ती तिनेच माझ्यावर केली.

सोबत मसुदा आहे. नऊ पानं झाली. 'फॉर एक्झाम्पल' एकवीस वेळा आलंय आणि एकवीस वेळा स्वल्पविराम दिलाय, मोजून. पक्ष्यांचा भाग तुला जरा लांबलेला वाटेल, पण तो काढू नकोस.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
एझरा

*

भायखळा,
ता. १२ ऑक्टोबर १९५४

चि. एझरास,
आशीर्वाद.

मसुदा वाचला. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा आईला वाचून दाखवला. साळूच्या नवऱ्याच्या भागाला ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तुझे स्वल्पविराम निर्दोष आहेत, हे मी शाळेच्या फळ्यावर लिहायला तयार आहे.

पण हा अर्ज नव्हे. नऊ पानांत वाडीची मागणी सहाव्या पानावर आहे, तीही घोड्याच्या शेपटीच्या मागे. साहेब पहिल्या पानावर शोधील, दुसऱ्यावर जांभई देईल आणि तिसऱ्यावर तो बाजूला ठेवील. उदाहरण हे म्हणण्याला उचलून धरण्यासाठी असते, म्हणण्यावर बसण्यासाठी नव्हे.

मी त्याचे एक पान केले आहे. आधी मागणी: चौदा कुटुंबे या जागी राहतात, ती कामासाठी सात महिने बाहेर असतात, म्हणून जागा उजाड धरू नये. त्यामागे एकच उदाहरण, ठकीचे. ती त्याच वाडीत जन्मली, त्याच वाडीत लग्न करून दिली, नवरा तिथेच पुरला, आणि तिने लावलेल्या फणसाला आता दोन माणसांच्या कवेत न मावेल एवढा बुंधा आहे. मुलींना मी हेच शिकवते: एक निवडलेले उदाहरण पुरते. जाणता वाचक एकावरून चौदा ओळखतो.

सुवाच्य अक्षरात उतरवून काढ, खाली ठकीचा अंगठा घे. पक्षी काढले आहेत. रागावू नकोस. ते कागद मी जपून ठेवले आहेत.

तुझी,
लाल शाईची ताई

*

पनवेल,
ता. २ डिसेंबर १९५४

चि. सौभाग्यकांक्षिणी मिल्कास,
जोकबेद मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईची तब्येत कशी आहे ते तू कळवलं नाहीस, तरी मी विचारते. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या काकांचा गुडघा थंडीने धरला आहे.

पत्र मुद्दाम तुझ्या भावाबद्दल. तू त्याला काय शिकवलंस देव जाणे, घरात बोलायची सोय राहिली नाही. जेवताना म्हणतो, माशांना काटे असतात, उदाहरणार्थ हा, आणि काटा ताटाच्या कडेला नीट मांडतो. काका म्हणाले, या घरात रिकामटेकडी माणसं आहेत, तर हा म्हणतो, काका, वाक्य पुरं झालं, आता उदाहरण द्या. काकांनी चप्पल उचलली.

पण मिल्का, हसते तशी काळजीही आहे. दीड महिना झाला, त्या अर्जाला उत्तर नाही. वाडीतली माणसं भट्ट्यांवर गेली. ती म्हातारी तेवढी मागे आहे. हा दर सोमवारी टपालवाल्याच्या मागे तळ्यापर्यंत जातो. आजवर हा एका जागी इतके दिवस राहिल्याचं मला आठवत नाही. सुताराने तर त्याला स्वतःचं तासायचं वाकस दिलंय, घरी न्यायला. वाईट उत्तर आलं तर हा पोरगा पिशवी उचलील आणि या खेपेला परत यायचा नाही, असं माझं मन सांगतं. तू त्याला काहीतरी धीराचं लिही. माझ्या पत्राचं सांगू नकोस.

आईला माझा नमस्कार सांग, आणि एकदा चार दिवस येऊन जा.

तुझी,
मावशी

*

पनवेल,
ता. ३० डिसेंबर १९५४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तर आलं. दिनानाथांनी पाकीट देव्हाऱ्यासमोर ठेवून फोडलं. मी उभा राहून वाचलं आणि पहिल्या चार ओळींपर्यंत नाचायचाच बाकी होतो. साहेबांनी लिहिलंय की अर्ज स्पष्ट आणि मुद्देसूद आहे. अर्जात दिलेला पुरावा त्यांना मान्य आहे. सबब अर्जात नमूद केलेली रहिवासी ठकी हिला तिच्या झोपडीपुरती आणि फणसापुरती जागा कायम करण्यात येते. उरलेली जागा ठरल्याप्रमाणे मोजून गिरणीकडे देण्यात येईल. साहेब स्वतः चौदा जानेवारीला येऊन ठकीला कागद देणार आणि त्याच दिवशी बाकीच्या जागेवर मोजणीची साखळी टाकणार.

ताई, मी अर्ज पुन्हा पुन्हा वाचला. चौदा कुटुंबं असं पहिल्याच ओळीत आहे. पण नाव एकच आहे.

वाडीला जाऊन ठकीला सांगितलं. वाटलं होतं, निदान स्वतःच्या जागेचं तरी तिला बरं वाटेल. ती सूप पाखडत होती. पाखडता पाखडता विचारलं, मना एकलीला जागा? म्हटलं, हो. म्हणाली, मंग सांजंला मी हाक कोनाला मारू, फनसाला? आणि सूप खाली ठेवून मला धारेवर धरलं. माजं नाव येकलंच घालतोस हे आधी का नाय सांगितलंस? चांगो तुला घसा फुटंस्तवर सांगत व्हता, साळू सांगत व्हती, ती समदी कुटं गेली? मी म्हटलं, इंग्रजीत अशीच रीत आहे. ती म्हणाली, तुज्या रीतीला तेरा घरं गेली.

ती अंगठा देणार नाही म्हणते. एकटीचा कागद घ्यायचाच नाही. मग तिचंही जाईल. मी खूप समजावलं. तिने कोंबड्या हाकलल्या, त्यांत मलाही हाकललं.

मला पनवेलातून कुठेतरी निघून जावंसं वाटतंय. जात नाही. पण वाटतंय.

एझरा

*

भायखळा,
ता. ३ जानेवारी १९५५

चि. एझरास,
आशीर्वाद.

तुझे पत्र घेऊन मी शाळेच्या ग्रंथालयात जाऊन बसले. अर्जाची प्रत माझ्याकडे आहे. एकूण एक चिन्ह जागेवर आहे. भाषेत चूक नाही आणि तुझी तर नाहीच. एकावरून चौदा ओळखतील, हे माझे वाक्य. मी कचेरीतल्या वाचकाला वर्गातला वाचक समजले. तू नऊ पाने लिहिली होतीस तेव्हा त्यांत सगळी माणसे होती. मी ती काढली.

आता ऐक. ठकीला सांग की तिने स्वतःचा कागद आधी घ्यावा. तिचे घर राहिले तर बाकीच्यांना परत यायला निदान एक अंगण उरेल. हे तिला पटणार नाही, मला माहीत आहे, तरी सांग. दुसरे, ताबडतोब नवा अर्ज कर. त्यात चौदाही कर्त्या माणसांची नावे घाल. 'फॉर एक्झाम्पल' नको, 'सच ॲज' नको. नुसती नावे, प्रत्येकापुढे घर केव्हापासूनचे, आणि एकेक पुरावा. चौदा तारखेला तो कागद साहेबांच्या हातात पडला पाहिजे.

आणि पनवेल सोडू नकोस. हे आज्ञा म्हणून नाही, विनंती म्हणून लिहिते.

तुझी,
मिल्का

*

पनवेल,
ता. १६ जानेवारी १९५५

ती. ताईस,
एझराचा शालोम आणि कडकडून नमस्कार.

लिहायला कालच हात शिवशिवत होता, पण काल शब्बाथ. मावशीने परवा संध्याकाळीच दौत उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवली. तेव्हा आज सगळं एकदम.

तुझं पत्र येताच नावं जमवायला निघालो. कोन गावच्या पुढच्या भट्टीवर पाच घरं सापडली. साळू, चांगो आणि बाकीची भिवंडीकडे. मुकादमाने मला तिथल्या तिथे कामाला लावायचा प्रयत्न केला आणि विटा कशा रचतात ते बघत मीही थोडा वेळ थांबलो, खोटं कशाला सांगू. पण या खेपेला खरंच थोडाच. चौदा तारीख उजाडली तेव्हा माझ्या कागदावर पाचच नावं होती.

सकाळी विचुंब्याच्या बांधावर आलो आणि बघतो तर वाडीवर धूर. एका घरातून नव्हे, सगळ्यांतून. मला वाटलं वाडी पेटली. धावत सुटलो, ओढ्यात एक वहाण गेली. पोचलो तर ठकी शांतपणे शेवटच्या झोपडीतून फुंकणी घेऊन बाहेर येत होती. ताई, ती मागे राहते ती वय झालं म्हणून नव्हे. कुडाच्या भिंतींना धूर मिळाला नाही तर त्या कीड लागून पावसाआधी बसतात. म्हणून वाडी भट्टीवर जाताना एक जण मागे राहतो आणि पाळीपाळीने एकेका घरात चूल पेटवतो. आज दोन घरं, उद्या तीन. असं वर्षानुवर्षं चाललंय. मी तीन दिवस उदाहरणं मागत बसलो होतो, हे मला कोणी सांगितलंच नाही. ठकीला विचारलं, तर म्हणाली, चूल पेटवतात हे काय सांगायचं आसतं? त्या दिवशी तिने सगळ्या एकदम पेटवल्या होत्या. कशाला, विचारलं. म्हणाली, पावना येनार, घरं थंडी कशी ठेवायची?

जीप आली. साहेब बारीक, चष्म्याचे, मितभाषी. सोबत कारकून आणि साखळीवाला. साहेब उतरले आणि बोट दाखवत धुरांचे लोट मोजत राहिले. मग मला इंग्रजीत विचारलं की इथे एकच बाई राहते ना, मग चौदा घरी स्वयंपाक कोण करतंय? म्हटलं, सर, कोणीच नाही. घरं राखली जाताहेत.

ठकी थांबली नाही. साहेबांना हात करून पहिल्या झोपडीत घेऊन गेली, साहेब वाकून आत गेले. ही चांगोची. चूल सारवलेली, आढ्याला काकडीचं बी बांधलेलं, कोपऱ्यात टोपलीखाली त्याची कोंबडी. मग साळूची. ओटा बघून साहेबांनी विचारलं काय आहे. मी चार बाळंतपणं सांगितली, नवऱ्याचा भाग गाळला. असं करत चौदाही. कुठे मासे धरायची बुदडी, कुठे पोराचा भोवरा. दर घरात ठकी घरमालकाचं नाव सांगायची आणि साहेबांकडे अशी बघायची की आता मान डोलवा. साहेब डोलवायचे.

बाहेर आल्यावर साहेबांनी तो एकपानी अर्ज काढला. म्हणाले की हा मी नीट वाचला होता, चांगला लिहिलाय. त्यात जे सिद्ध झालं ते मी दिलं. मी म्हटलं की सर, ते नुसतं उदाहरण होतं. ते म्हणाले की मी ज्याचं नाव कागदावर आहे त्यालाच जागा देऊ शकतो. ही बाई सांगते आहे, तू लिही. मी थांबतो. आणि फणसाखालच्या दगडावर बसले.

मी मांडीवर कागद घेतला. ठकी सांगत गेली, मी लिहीत गेलो. तेरा नावं झाली. चौदाव्याला ती अडली. तो तिचा थोरला दीर, त्याचं नाव ती कसं घेणार? कारकून खेकसला. ती म्हणाली, तू खेकसून काय, मी मरेन पन जेठाचं नाव तोंडात घ्यायची नाय. मग म्हणाली, मंगळवार सरला की जो दिस येतो, त्या दिसाचा तो. मी लिहिलं, बुधा. साहेबांनी विचारलं की उशीर कशाचा? मी इंग्रजीत समजावलं. आणि ताई, तो माणूस प्रथमच हसला. म्हणाला की माझी आजीही अशीच, दुकानदाराला सामान सांगताना आजोबांच्या नावाचा जिन्नस आला की आमच्यातला एक जण लागायचा.

चौदा नावांखाली ठकीने अंगठा दिला. तेव्हा कुठे स्वतःच्या कागदावर दिला. साहेबांनी साखळीवाल्याला साखळी न सोडताच जीपमध्ये बसायला सांगितलं. हुकूम लेखी येईल, तोवर मोजणी नाही, असं म्हणाले. ठकीने त्यांना पेज दिली. ते ती प्यायले. मला म्हणाली, बघ, ह्याच्या पोथीत पेज चालते.

अजून कागद हातात नाही, तेव्हा फार आनंद करत नाही. थोडाच करतोय.

तुझा,
एझरा

*

भिवंडीजवळची वीटभट्टी,
ता. ६ फेब्रुवारी १९५५

ती. ताईस,
एझराचे सा. न. वि. वि.

वरचा पत्ता बघून आईला घाबरू देऊ नकोस. मी पळून आलेलो नाही. बुधवारी परतणार आहे, काशिरामने एक जोडी चाकं माझ्याच हाताने करायची ठेवलीत आणि मावशीने परतीचा दिवस वदवून घेतलाय.

हुकूम मंगळवारी आला. चौदा नावं, चौदा जागा, वरती साहेबांची सही. गिरणीला ओढ्यापलीकडची जागा दाखवली आहे. दिनानाथांनी तो कागद तीन वेळा डोक्याला लावला. ठकीने उलटासुलटा बघितला, चांगोचं नाव कुठंय विचारलं, त्यावर बोट ठेवलं, आणि मला म्हणाली, आता हितं कशाला हुबा ऱ्हायलास? जा, सांगून ये. म्हणून मी नक्कल घेऊन इथे आलो.

भट्टी पेटलेली असते तेव्हा कोणी हातचं काम सोडत नाही. मी दुपारच्या भाकरीपर्यंत थांबलो. मग विटांच्या थप्पीवर उभा राहून वाचलं, इंग्रजीतच, कारण त्यांना इंग्रजीतच हवं होतं. एकेक नाव आलं की खालून आवाज यायचा, हाय. चांगो म्हणाला की त्याचं नाव तिसरं का, बुधा तर शेवटी लिवलाय त्याला काय नाय वाटत, पर मी का तिसरा? त्याला सांगितलं की तुझ्या काकीने सांगितलं त्या क्रमाने आहे. ऐकू न येणाऱ्या त्या पक्षीवाल्या म्हाताऱ्याचंही नाव त्यात आहे. त्याच्या सुनेने ते त्याच्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा त्याने कागद मागितला, नाकाजवळ नेला आणि खूप वेळाने परत दिला.

मी निघालो तर त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. नंतर दुसऱ्या पाळीची माणसं आली, त्यांच्यासाठी पुन्हा. साळूचा नवरा तर आपल्या नावापाशी मला थांबवून बायकोला म्हणाला, आयकलंस का, सरकार मना काय म्हनतंय. ती म्हणाली, सरकारला अजून तू म्हाईत नायस. आता कोणी कोन गावच्या भट्टीवरून आलंय, त्यालाही ऐकायचंय. म्हणून पत्र इथेच आवरतो. हाक मारताहेत.

तुझी माया अशीच राहू दे.

तुझा,
एझरा